भुईची तहान

लोखंड कातायच्या लेथच्या शेडमागं पाय ठेवायला जागा नव्हती. ऊन असं, की कुत्रंही सावली सोडेना. माणसं मात्र डोक्यावर रुमाल टाकून अनवाणी उभी होती आणि सगळ्यांचे डोळे जमिनीतून वीतभर वर आलेल्या एका गंजक्या पाइपाकडे लागले होते. पाइपाला एक जाड तार गुंडाळलेली, तारेवर फुलांची माळ. भोवती उथळ खड्डा, खड्ड्यात मीठ, कोळसा आणि चिखल. तुम्ही-आम्ही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, कुणीतरी नळाचं काम अर्धवट टाकून जेवायला गेलंय. पण एकदा हात जोडले गेले, की डोळ्यांना फारसं कुणी विचारत नाही.

पाइपाशेजारी लाकडी पाटावर उजेडबाबा बसले होते. पायांत गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट. एवढ्या उकाड्यात बूट कशाला, असं मागं एकानं विचारलं होतं. बाबांनी डोळे मिटून सांगितलं, "माझा पाय मातीला लागला तर आत्मा थेट माझ्यातच शिरेल. मग तुमचं काय होईल?" लोकांचा जीव कळवळला होता. आपल्यापायी बिचारे घामानं पाय सडवतायत, असं बायका एकमेकींना सांगत.

शेडमध्ये लेथ अडून बसलं होतं. मोटार नुसती घुं घुं करत होती, चाक काही फिरेना. वरचा दिवा मेल्या डोळ्यांनी मिणमिणत होता. या वस्तीत वीज यायची ती सगळ्या गावांना पोसून उरलेली. विजेची डीपी तिकडं लांब, तारा जुन्या, आणि उन्हाळा लागला की तीही धाप लागल्यासारखी यायची.

"ऐकताय?" बाबा म्हणाले. "मशीन रडतंय. का रडतंय? तहान. तहान म्हणजे काय? पाण्याची आठवण. आठवण म्हणजे काय? आत्म्याचा घसा. घसा कोरडा, तर चाक कोरडं."

याचा अर्थ खुद्द बाबांनाही ठाऊक नसावा. पण पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली, म्हणून मागच्यांनीही डोलावली.

"सोड पाणी."

एक काटकुळी बाई कळशी घेऊन पुढं आली. अनवाणीच चिखलात उतरली आणि मिठाच्या पाण्याची धार खड्ड्यात धरली. जमीन चर्र करून पाणी प्यायली. आत मोटारीचा आवाज बदलला, घुं घुं करणारं लेथ घरघरलं आणि बघता बघता गरगर फिरायला लागलं. इकडं बाईचे पाय थरथरले. पोटऱ्या ताठ झाल्या, डोळे मिटले, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ते बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

"आला," गर्दी कुजबुजली. "आला बघा."

गर्दीच्या मागं, हातात प्रवासाची पिशवी तशीच धरून, एक बाई उभ्या होत्या. तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. जो आत्मा आला म्हणून लोक हात जोडत होते तो त्यांचा धाकटा भाऊ, आणि चिखलात थरथरत होती ती त्यांची भावजय. भाऊ याच लेथवर काम करता करता गेला होता. शेडच्या मालकानं अंत्यविधी इतक्या घाईनं उरकला, की बहिणीला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. उन्हानं गेला, पाणी पाणी करत गेला, एवढंच त्यांना कळवलं होतं. दिवसकार्य झाल्यावर त्या परत गेल्या आणि परीक्षा, पेपर यांत अडकल्या. परवा वस्तीतलीच एक बाई बाजारात भेटली आणि म्हणाली, "तुमची भावजय आता देवाच्या कामाला लागलीय." ते ऐकून बाईंनी पिशवी भरली होती.

भावजय शेडच्याच बाजूला एका खोलीत राहायची. नणंदेला बघून तिनं वाकून नमस्कार केला, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं. तिचे ओठ फुटले होते, कोपऱ्यात रक्त सुकलेलं.

"आधी तू पाणी पी," बाई म्हणाल्या.

"नको वन्सं. मशीन बंद झाल्यावर."

"म्हणजे?"

"त्यांची तहान भागल्याशिवाय मी पीत नाही. बाबांनी सांगितलंय. दिवसभर मशीन चालतं तोवर त्यांना पाजायचं, नंतर आपण."

नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे उंबराचं फूल, असं लोक म्हणतात. या दोघींचंही लग्नाच्या वेळी मानपानावरून वाजलं होतं. पण त्या क्षणी बाईंना वाटलं, हिला उचलावं, पिशवीत घालावं आणि चालतं व्हावं.

"चल माझ्याबरोबर. आत्ताच."

भावजयीनं मान हलवली. "माझ्यामुळं गेले ते. मी डबा घेऊन आले होते. ते आतून ओरडले, पाणी घाल. मी धावत घरी आले, माठातलं गार पाणी तांब्यात घेतलं. परत गेले तर ते मशीनला धरून... वन्सं, माझ्या हातात तांब्या होता आणि ते गेले होते. पाण्यावाचून गेले. सगळी वस्ती म्हणते, हिनं नवऱ्याला घोटभर पाणी दिलं नाही."

बाईंनी हळूच विचारलं, "त्याच्या अंगावर काही खूण होती?"

"तळहात काळा पडला होता. करपल्यासारखा. बाबा म्हणाले, आत्मा हातातून बाहेर गेला त्याची खूण."

"आणि पाणी ओतताना तुला काय होतं?"

भावजय पहिल्यांदा जराशी हसली. "पायाला मुंग्या येतात. मग कुणी पोटरी घट्ट धरल्यासारखं होतं. ते धरतात, वन्सं. रुसले की असेच धरायचे. एवढंच उरलंय माझं. ते नका काढून घेऊ."

मरणारा माणूस एक वेळ सोडून देता येतो, पण असं धरून ठेवणारा मेलेला माणूस कसा सोडवायचा, हे कुठल्या पुस्तकात नसतं.

"मुंग्या कधी येतात? मशीन बंद असतानाही?"

"नाही. मशीन फिरलं की. म्हणूनच तर खरं ना ते. तेही मशीनवरच असायचे." मग ती पुढं म्हणाली, "परवा मागच्या घरची शेळी त्या चिखलात आली आणि उभ्या उभ्या कोसळली. बाबा म्हणाले, भोग घेतला. उद्या मालकांचं नवं वेल्डिंग मशीन सुरू व्हायचंय. मोठं आहे, सारखं बंद पडतंय. बाबा म्हणाले, मोठ्या मशीनला मोठी तहान. उद्या मी चिखलात बसायचं आणि पाइप दोन्ही हातांनी कवटाळायचा. म्हणजे ते कायमचे भेटतील."

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. कायमची भेट म्हणजे काय ते त्यांना लख्ख कळलं होतं.

"नीट आठव," त्या म्हणाल्या. "तो नेमका काय ओरडला होता? शब्दन् शब्द सांग."

"म्हणाले, भुईला पाणी घाल." भावजयीचा आवाज चिरकला. "भान नव्हतं हो त्यांना. स्वतःसाठी मागायचं तर भुईला म्हणाले."

भुईला. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना एकदम सुट्टीतली एक दुपार आठवली. त्या वही तपासत होत्या आणि भाऊ मागून वाकून बघत होता. 'भूसंपर्कन', म्हणजे इंग्रजीतलं अर्थिंग, हा शब्द वाचून तो पोट धरून हसला होता. "ताई, एवढं लांबलचक नाव घेईस्तोवर माणूस शॉक लागून मरेल. आम्ही नुसतं भुई म्हणतो. ही तार भुईची, तो पाइप भुईचा. भुई सुकली की तिला पाणी घालायचं."

"अगं," त्या म्हणाल्या, "त्याला तहान लागलीच नव्हती."

पण भावजयीनं कानांवर हात ठेवले. "तुम्ही तिथं नव्हता, वन्सं. मी होते."

बाई तडक मालकाकडे गेल्या. जाताना त्यांनी वर पाहिलं. खांबावरून शेडकडे एकच तार येत होती. दुसरी खांबापाशीच तुटून लोंबकळत होती. तिचं टोक जळून काळं पडलं होतं आणि त्यावर एक चिमणी निवांत झोके घेत होती. वस्तीतला प्रत्येक माणूस रोज त्या तारेखालून जायचा.

मालक पंख्यासमोर बसला होता. शिकलेला माणूस, बोलायला गोड.

"न्यूट्रलची तार कधीपासून तुटलीय?" बाईंनी विचारलं.

"बसा ना बाई. सरबत घ्या. अहो, लाइनच कमजोर. लोड घेतला की सांधा जळतो. किती वेळा जोडायचं?"

"म्हणून जमिनीतून काम भागवताय?"

"सगळेच भागवतात." तो हसला, मग हसू आवरलं. "हे बघा, तुमचा भाऊ माझा उजवा हात होता. मला काय वाटत नाही का? पण झालं ते झालं. लोकांना त्यात देव दिसतोय, तुमच्या भावजयीला आधार मिळालाय, माझं काम चालतंय. कुणाचं काय बिघडलं?"

"उद्या ती मरेल."

मालक पंख्याकडे बघत राहिला. "बाबांना जास्त कळतं," तो म्हणाला. पण बाईंच्या नजरेला नजर त्यानं दिली नाही, आणि त्याला सगळं माहीत आहे हे बाईंना कळून चुकलं.

तालुक्याच्या वीज कार्यालयात साहेब दौऱ्यावर होते. तिथल्या माणसानं तक्रार करून ठेवा म्हणून सांगितलं. आग लागल्यावर विहीर खणायला घेणारे तरी बरे, हे तर आधी साहेबाची वाट बघणार. बाई शाळेत गेल्या, प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि पिशवीत होल्डरसकट एक दिवा, दोन लांब वायरी आणि लाकडी मुठीचा चिमटा घालून दुसऱ्या दिवशी परत आल्या.

सकाळी गर्दी कालच्याहून दांडगी होती. नवं वेल्डिंग मशीन शेडच्या दाराशी हार घालून ठेवलं होतं. भावजय न्हाऊन, केस मोकळे सोडून आली. ओठ तसेच फुटलेले. बाबांचं सुरू होतं, "आज देहाची वायर आणि आत्म्याची वायर एक होणार." वायर, म्हणे. बाबा पूर्वी कुठं जळलेल्या मोटारींत तारा भरायचं काम करायचे, हे मागाहून कळलं. तोपर्यंत त्यांना विचारतो कोण.

भावजय चिखलाकडे निघाली आणि बाई आडव्या आल्या.

"बाजूला व्हा," मालक म्हणाला.

बाईंनी आवाज चढवला नाही. रात्रभर त्यांनी एकच विचार केला होता, की इथं विज्ञान सांगायला गेलं तर कुणी ऐकणार नाही. त्या म्हणाल्या, "आत्मा माझ्या भावाचा आहे ना? मी त्याची थोरली बहीण. बापाच्या माघारी त्याला मी वाढवलं. आधी मान कुणाचा?"

गर्दीत चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतला म्हातारा म्हणाला, "हे बरोबर आहे. थोरल्या बहिणीचा मान पहिला."

बाबांना नाही म्हणता येईना. "कर बाई भेट. धर पाइप."

"धरणार नाही. मला त्याच्याकडून उजेड हवाय. तुम्ही उजेडबाबा, तेवढं मागायला हरकत नसावी." त्यांनी दिवा वर धरून सगळ्यांना दाखवला. लेथ बंद होतं. त्यांनी एक वायर पाइपाला चिमट्यानं अडकवली. दुसरी लांब नेली आणि चिखलापासून दूर, कोरड्या जमिनीत एक पहार ठोकायला लावून तिला बांधली. मधे दिवा. ना बटण, ना बॅटरी.

"आता लेथ चालू करा."

आत खटका पडला. भावजयीच्या हातातली कळशी बाईंनी घेतली, लांब उभं राहून पाणी खड्ड्यात फेकलं. लेथ घरघरलं आणि उन्हात, भर दुपारसारख्या उजेडात, दिव्याची तार तांबूस झाली, मग पिवळी.

गर्दीनं हात जोडले. दोन बायका रडायला लागल्या. बाबा चपळ माणूस, लगेच पाटावर उभे राहिले. "पाहिलंत? बहिणीला उजेड दिला."

आपणच यांच्या हातात कोलीत दिलं की काय, असं त्यांना वाटून गेलं. मग त्या म्हणाल्या, "लेथ बंद करा."

खटका पडला. दिवा गेला.

"चालू."

दिवा लागला.

"बंद."

दिवा गेला. म्हातारा कपाळाला आठ्या घालून दिव्याकडे, मग शेडकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "म्हणजे हा आत्मा खटक्यावर चालतो?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"आजोबा, वर बघा," बाई म्हणाल्या. "खांबावर. एक तार आत येते. दुसरी कुठंय?"

सगळ्यांनी माना वर केल्या. चिमणी उडून गेली.

"वीज एका तारेनं येते, तिला परत जायला दुसरी तार लागते. ती तुटलीय. मग ती परत जाते कशातून? या पाइपातून, या मातीतून, तुमच्या पायांखालून. माती सुकली की वाट अडते, मशीन अडतं. पाणी घातलं, मीठ घातलं, कोळसा घातला की वाट मोकळी होते. कधी ऐकलंत का, आत्म्याला मीठ-कोळसा लागतो म्हणून? विजेच्या पुस्तकात भुईच्या खड्ड्याला हेच तीन जिन्नस सांगितलेत. जी भुई जीव वाचवायला असते, तिच्यातूनच यांनी मशीन चालवलं. लेथचं अंगही याच पाइपाला जोडलेलं. माती सुकून वाट अडली, वीज त्या अंगात आली, आणि माझा भाऊ त्याला हात लावून उभा होता."

"नास्तिक आहे ही," बाबा ओरडले. "भावाला वीज म्हणते."

"मग काढा बूट," बाई म्हणाल्या. "उतरा चिखलात. मशीन चालू करते, पाइप धरा."

बाबा पाटावरच राहिले. आपण मातीला जपतो, आपलं व्रत आहे, गुरूची आज्ञा आहे, असं काहीबाही ते बोलत होते. म्हातारा आपल्या अनवाणी पायांकडे बघत म्हणाला, "काढा की बाबा. आमची गुडघेदुखी बरी करायला तुम्ही आम्हाला इथंच उभं केलं होतं."

बूट काही निघाले नाहीत. थोड्या वेळानं बाबा बुटांसकट शेडच्या पलीकडून निघून गेले. त्यांना कुणी अडवलंही नाही. मालक म्हणत राहिला, "सगळेच असं करतात हो, मी एकटा आहे का?" हे मात्र खरं होतं. गर्दीतले दोन-चार जण कुणाशी न बोलता आपापल्या शेडकडे लगबगीनं निघाले. त्यांच्याही घरामागं असेच पाइप होते, आणि आत काम करणारी माणसंही होती.

भावजय जागची हलली नव्हती. विझलेल्या दिव्याकडे बघत तिनं विचारलं, "म्हणजे पायाला धरायचे ते..."

"नाही गं."

"ज्यानं त्यांना मारलं, तेच?"

बाईंनी मान डोलावली. खोटं बोलावंसं त्यांना फार वाटलं. पण खोट्यानंच ही बाई इथवर आली होती.

भावजय मटकन खाली बसली आणि मातीनं मातीच पुसावी तसे आपले पाय घासायला लागली. बराच वेळ घासत राहिली. ती रडली नाही, तेच बाईंना सोसवेना.

"मग ते पाणी..."

"भुईला हवं होतं. तो तुला पाइपावर पाणी ओत म्हणत होता. मशीन अडलं होतं म्हणून. तो तहानेनं गेला नाही. तू कुणाचं पाणी तोडलं नाहीस. ऐकतेस ना? तुटली ती तार. आणि ती न जोडता ज्यानं त्याला कामाला उभं केलं, त्याचं हे पाप."

भावजयीनं मान वर केली. कळशीत थोडं पाणी उरलं होतं, पण ते मिठाचं. म्हातारा उठला, कुणाच्या तरी घरून तांब्या भरून आणला आणि काही न बोलता तिच्या पुढ्यात ठेवला. याच म्हाताऱ्यानं वस्तीत सगळ्यात आधी म्हटलं होतं, की हिनं नवऱ्याला घोटभर पाणी दिलं नाही.

तिनं तांब्याकडे पाहिलं, मग शेडकडे. लेथ चालू होतं की बंद, तिला कळलं नसावं, कारण तिनं नणंदेला विचारलं, "पिऊ?"

"पी," बाई म्हणाल्या.

ती प्यायली. फुटलेल्या ओठांना झोंबलं असेल, पण तांब्या रिकामा होईपर्यंत थांबली नाही.

तर मंडळी, माणसाला पाणी लागतं आणि मशीनला तार लागते. एकाचं दुसऱ्याला देऊ नका. आणि कुणी बूट घालून तुम्हाला अनवाणी उभं केलं, तर हात जोडायच्या आधी त्याचे बूट कशाला, एवढं तरी विचारा.